भाकरीच्या तव्याचं फडकं

अण्णा, तुम्ही चोरी केली होतीत हे आता कोर्टाच्या कागदावर आलं आहे, आणि खाली सही माझी आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हा ही बातमी तुमच्यापर्यंत कुणी पोचवेल असं नाही. तरी दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी.

मी तिसरीत होते. शाळेतून गुलाबी खडू घरी आणला होता. तुम्ही हडपसरच्या कारखान्यात पोलादाच्या भट्टीसमोर आठ तास उभं राहून आला होतात, चहाही घेतला नव्हता. खडू पाहिलात, परत चपला घातल्यात आणि मला थेट बाईंच्या घरापर्यंत चालवत नेलंत. मला अजून दिसतंय, बाईंच्या दारात तुम्ही हात जोडून उभे आहात आणि मी तुमच्या मागे तोंड लपवते आहे. बाई म्हणाल्या, "अहो, एका खडूसाठी एवढं कशाला?" तुम्ही म्हणालात, "आपला नाही तो आपला नाही." येताना कोपऱ्यावर मला फुटाणे मात्र घेऊन दिलेत.

आणि त्याच वर्षी आईचा हात तव्याला चांगला भाजला. आठवडाभराने तुम्ही कामावरून आलात, स्वयंपाकघरात डबा उघडलात, आणि त्यातून घडी केलेलं जाड पांढरं कापड निघालं. तुमच्या हातमोज्यांचं होतं तेच कापड, भट्टीजवळच्या पाइपांना गुंडाळायचे तेच. गेटवर पिशव्या तपासायचे, डबा कुणी उघडत नसे. मी विचारलं, "हे कुणाचं आहे?" तुम्ही म्हणालात, "जेव." आईने त्याला जुन्या लुगड्याचा हिरवा काठ शिवला आणि खिळ्याला अडकवलं. पुढे स्टोव्ह गेला, गॅस आला, ओटा बदलला, भाकरीचा तवा बदलला. फडकं तिथेच राहिलं.

मग तुमचा दम लागायला लागला. आधी जिन्यात थांबायचात, मग अंगणात, शेवटी कॉटवर नुसते बसलात तरी. क्षयाची औषधं झाली. डॉक्टरांनी विचारलं, विड्या किती ओढता? ज्या माणसाने जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, त्याला. तुम्ही भांडला नाहीत. मला अजून राग येतो, तुमच्या न भांडण्याचासुद्धा.

गेल्या वर्षी तुमच्या पाळीतले काका घरी आले, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून. एका तरुण डॉक्टरांनी त्यांना पहिल्यांदाच विचारलं होतं, की तुम्ही काम कुठे करायचात? छातीत ॲस्बेस्टॉसचे, भट्टीवरच्या त्या पांढऱ्या कापडातले, तंतू बसलेत म्हणाले. काकांनी भरपाईचा दावा लावला होता आणि तुमच्या नावाने आईनेही लावावा म्हणून सांगायला आले होते. प्रत्येक वाक्याला थांबत म्हणाले, "पैशाचं जाऊ दे, पोरी. पन माझा दम बिडीनं न्हाई, भट्टीनं गेलाय. येवढं कुनीतरी लिवून द्यायला पायजे."

कंपनीचं म्हणणं एकच: आमच्याकडे ॲस्बेस्टॉस कधी नव्हतंच. कारखाना केव्हाच पाडला, तिथे आता पोहण्याच्या तलावासकट सोसायटी आहे, आणि जुने कागद म्हणे सापडत नाहीत. आमच्या वकीलबाई शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर बसतात. त्यांनी विचारलं, "कारखान्यातली एखादी वस्तू घरात आहे का? काहीही चालेल." मी म्हटलं, "नाही." काका माझ्या शेजारीच बसले होते, नळीतून श्वास ओढत. अण्णा, मी त्यांच्यासमोर नाही म्हणाले. ते फडकं घरी कसं आलं हे लिहावं लागलं असतं, आणि आईला कळलं असतं की आपण इतकी वर्षं काय हातात धरतोय.

आठ दिवस मला जेवण गेलं नाही. नवव्या दिवशी आई तवा उतरवत होती, तेव्हा सांगून टाकलं. तिने तवा खाली ठेवला. "म्हणजे यांच्या छातीत होतं ते हेच?" मी हो म्हटलं. ती फडक्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता स्वतःच्या हातांकडे बघेल. तिने विचारलं, "यांना माहीत होतं का गं?" मी म्हटलं, नाही, कंपनीने कुणालाच सांगितलं नव्हतं. "मग ठीक आहे," ती म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला घेतली. (तिच्या छातीचा फोटो काढून घेतला आहे. काही नाही. दरवर्षी काढायचा आहे.)

फडकं प्लॅस्टिकमध्ये बांधून वकीलबाईंकडे नेलं. प्रतिज्ञापत्रात मी लिहिलं होतं, 'कारखान्याने वापरण्यास दिलेले कापड.' आईने ते मोठ्याने वाचायला लावलं. "दिलं कुणी? डब्यात लपवून आणलं होतं यांनी." म्हणजे तिलाही पहिल्यापासून ठाऊक होतं. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, असं लिहिलं तर समोरचे चोरी म्हणतील." आई म्हणाली, "म्हणू देत. चोरलं असंच लिहा. आणि माझा हात भाजला होता, तेही लिहा." मला तिथेच रडू आलं. तुमचं नाव जपायला मी खोटं लिहायला निघाले होते, आणि तिला तुमचं खरं तेच हवं होतं.

तपासणीत कापड ॲस्बेस्टॉसचंच निघालं. मग समोरचे वकील तावातावाने उठले: ही तर कंपनीच्या मालाची उघड चोरी आहे. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे हा माल तुमचाच होता, असं तुमचं म्हणणं आहे?" वकील खाली बसले. अण्णा, तुम्ही असायला हवे होतात.

गेल्या आठवड्यात निकाल लागला. काकांचा आजार आणि तुमचा मृत्यू भट्टीवरच्या कामामुळेच, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. काकांनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. कंपनी वरच्या कोर्टात जाणार म्हणे. जाऊ दे, वाक्य लिहून झालं आहे. आई आता तवा सांडशीने धरते आणि सांडशीला नावं ठेवते. खिळा रिकामाच आहे, काढू देत नाही. हे पत्र त्याच खिळ्याला अडकवीन म्हणते, नाहीतरी टपालात टाकून जाणार कुठे.

तुमची चोरी अशी फायलीत लागली, तर माझीही एक सांगते, म्हणजे तुम्ही एकटे राहणार नाही. शाळेतून मी दोन खडू आणले होते. तुम्ही बाईंच्या दारात हात जोडून उभे होतात, तेव्हा दुसरा माझ्या मुठीत होता.