न्हाव्याकडे गेलेली खुर्ची

राजमान्य राजेश्री धाकटे बंधुराज यांस,

मोठ्याचे आशीर्वाद. (रागात असशील तर आत्ता अर्धेच घे, बाकीचे मागाहून.) इकडे आई, बाबा, तुझी वहिनी आणि माझं पित्त बरं आहे. तुझा खोकला कसा आहे? पत्रास कारण की, माझ्या हातून एक घोळ झालाय.

ऑफिसात पाण्याच्या मीटरांच्या नोंदी ठेवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. क्रमांक लाखांत, पण मीटर मोजकेच; मधले बहुतेक क्रमांक रिकामे. ते कॉम्प्युटरात ठेवायच्या दोन रीती. एकीत प्रत्येक क्रमांकाला स्वतःचा खण, मग तो रिकामा का असेना. हवा तो झटक्यात सापडतो, पण मेमरी राक्षसासारखी खाते. दुसरीत फक्त भरलेले खण क्रमांकाची चिठ्ठी लावून दाटीवाटीने ठेवायचे. मेमरी चिमूटभर, पण शोधत बसावं लागतं, आणि मध्येच नवा मीटर आला की पुढच्या सगळ्यांना सरकवावं लागतं. मी दोन्ही चालवून पाहिल्या. मेमरी किती वाचली ते साहेबांना खणखणीत आवाजात सांगितलं; वेग किती गेला ते खोकल्यात गेलं. (आपल्या घराण्याचा खोकला असा कामी येतो.) दुसरी रीत लागू झाली, शाबासकी मिळाली आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

त्याच भरात घरी आलो, तर जेवणाच्या टेबलापाशी तुझी खुर्ची. तू बाबांशी भांडून गेल्यापासून रिकामीच. म्हटलं, रिकाम्या खणाने जागा कशाला अडवायची? कोपऱ्यावरच्या न्हाव्याला गिऱ्हाइकांसाठी हवीच होती, देऊन टाकली. आई भाजी वाढायची विसरली, तीही एकट्या मला. पुढच्याच रविवारी आत्या न कळवता जेवायला आली. मग काय, ती वहिनीच्या जागी, वहिनी आईच्या, आई माझ्या, मी बाबांच्या, आणि बाबा उभ्याने जेवले. सोमवारी ऑफिसात नव्या वस्तीचे मीटर आले, आणि तिथेही सगळं सरकता सरकता बंद पडलं. तिथे रिकाम्या खणांची रीत परत बसवणं दुपारभराचं काम होतं. घरी काय करू? फार वाईट वाटतंय रे.

तुझा,
दादा

ता. क. बाबा हल्ली रोज न्हाव्याकडे जातात. (त्यांच्या डोक्यावर न्हाव्याला करण्यासारखं काही उरलेलं नाही, हे तू जाणतोसच.) काल खुर्ची परत मागायला गेलो तेव्हा कळलं. ते बाकावर बसतात, आणि कुणी खुर्चीकडे वळलं की म्हणतात, "थांबा, तिथे आमचा धाकटा बसतो."

ता. क. २. न्हावी वैतागलाय, खुर्ची घेऊन जा म्हणतो. पण बाबा मला हात लावू देत नाहीत. म्हणतात, ज्याची त्याने येऊन न्यावी, एक बाजू मी धरीन.