काटकोनातल्या दोन खुर्च्या

आई,

काल घरी एक मुलगी आली होती, इंटिरियर करणारी. तुझ्या नातीनं तिला बोलावलं होतं, आपला हॉल जुनाट दिसतो म्हणून. आल्या आल्या तिनं भिंती मोजल्या आणि मला म्हणाली, काकू, हॉलमध्ये आधी टीव्हीची भिंत ठरवायची, मग त्याच्यासमोर सोफा, बाकीचं आपोआप लागतं. मला असा राग आला म्हणून सांगू! म्हटलं, अगं बाई, माणसं एकमेकांकडे पाठ करून बसायला माझ्याकडे कशाला येतील, आपापल्या घरी टीव्ही नाहीत का त्यांच्या? पण हे मनातल्या मनातच. तिला चहा दिला आणि विचार करून सांगते म्हणाले. ती गेल्यावर तुझी इतकी आठवण झाली की वही घेऊन बसले. हे कुठल्या पेटीत टाकायचं ते काही मला ठाऊक नाही.

सातपूर कॉलनीतला आपला हॉल. हॉल आपलं म्हणायचं, चार माणसं आली की पाचव्यानं उभं राहायचं. दिवाण, तो रेक्झिनचा सोफा, दोन वेताच्या खुर्च्या, टीपॉय आणि शोकेसमध्ये क्रोशाचं झाकण घातलेला टीव्ही. एवढ्याच सामानाची तू किती रूपं केलीस! तुझ्या मनात आलं की दिवाणाच्या पायांखाली जुनी गोधडी सरकवायचीस आणि एकटीच तो ओढत न्यायचीस, फरशीवर एक चरा पडू न देता. बाबा शिफ्टवरून आले की दारातच थांबून आधी आज काय कुठे आहे ते बघायचे. 'घर आहे का मालधक्का,' असं पुटपुटायचे आणि चपला काढायचे. तू त्यांना उत्तर देत नसायचीस. शेजारणीला मात्र सांगायचीस, खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या की दवाखाना होतो, माणसं आपला नंबर लागायची वाट बघत बसतात. बसलेल्याला उठावंसं वाटू नये, ती खरी बैठक. आम्ही हसायचो. कुणाला फिरायचा छंद असतो, कुणाला भरतकामाचा, आमच्या आईला सामान हलवायचा, असं मी मैत्रिणींना सांगायचे.

आणि मग तो बघण्याचा कार्यक्रम. स्थळ बाबांच्या कंपनीतल्या साहेबांनी आणलेलं, त्यामुळे त्या दिवशी बाबांनी तुला हॉलला हात लावू दिला नाही. आजचं मी बघतो म्हणाले. पाहुण्यांसाठी सोफा, दिवाण आणि खुर्च्या एका रांगेत, आणि त्यांच्यासमोर मधोमध, माळ्यावरचं काढायला तू ज्यावर चढायचीस ते स्टूल. ते माझ्यासाठी. तू म्हणालीस, पोरगी काय साक्षीदार आहे का, पिंजऱ्यात उभी करायला? बाबा म्हणाले, पद्धत असते ती. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, ते स्टूल बघितलं आणि माझं डोकं फिरलं. ट्रे टीपॉयवर ठेवला, स्टूल उचललं, गॅलरीत नेऊन ठेवलं, आणि सोफ्यावर मुलाच्या मावशीशेजारी जागा होती तिथे जाऊन बसले. वर तिलाच विचारलं, मावशी, पोह्यांवर लिंबू पिळू का? ती बाई अशी आक्रसली, जसं काही माझ्या अंगाला खाजकुयली लावली होती. चहा अर्धा टाकून मंडळी उठली. दुसऱ्या दिवशी साहेबांकडून निरोप आला, मुलगी फार आगाऊ आहे.

बाबा आरडाओरडा करणारे नव्हतेच. ते एवढंच म्हणाले, "चार माणसांत माझी खुर्ची काढून घेतलीस तू." आणि बोलणं बंद. मीही तुमचीच लेक, मीही बंद. मग आपल्याकडे ते नाटक सुरू झालं. मी समोर उभी असताना बाबा तुला म्हणायचे, तिला विचार डबा नेणार आहे का. मी तुला म्हणायचे, त्यांना सांग नेणार आहे. तू काही दिवस निरोप पोचवलेस, मग एकदा हातातली कणीक तशीच ठेवून म्हणालीस, मी काय टपालखातं आहे का? त्यानंतर तेवढंही बोलणं थांबलं. बाबांनी आपली खुर्ची टीव्हीसमोर वळवून घेतली. मला घरात त्यांची पाठ दिसायची, आणि पंख्याच्या वाऱ्यानं उडणारे डोक्यावरचे चार केस.

मला त्यात फारसं काही वाटत नव्हतं, खरं सांगते. होईल ठीक, असं वाटायचं. तू मात्र वाळत चालली होतीस. एकदा भांडी लावता लावता तू मला बाबांच्या गावचं, सायखेड्याचं सांगितलंस. आजोबा आणि त्यांचे भाऊ, बांधाला बांध लागून, विहीर एकच, आणि कुठल्याशा पंगतीत कोण आधी बसलं यावरून अबोला धरलेला. तो अबोला एकजण तिरडीवर निजल्यावर सुटला. सुटला म्हणजे काय, दुसऱ्यानं त्याच्याशी बोलून घेतलं, ऐकायला तो होता कुठे? तू म्हणालीस, "यांच्या घरात अबोला मेल्याशिवाय सुटत नाही. तुमचा मला जिवंतपणी सुटायला हवा." तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. पण आधी कोण बोलणार? जीभ अशी जड झालेली असते की साधं 'बाबा' म्हणणंसुद्धा डोंगर वाटतो.

मग तू गोधडी काढलीस. आधी दोन्ही वेताच्या खुर्च्या समोरासमोर मांडल्यास, मध्ये टीपॉय. झालं काय, बाबांनी पेपरचा पडदा धरला आणि मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. चहा संपताच दोघंही उठलो. मग शेजारी शेजारी ठेवल्यास. ते तर आणखी वाईट, सीबीएसला बसची वाट बघणारे दोन अनोळखी लोक. तू स्वयंपाकघराच्या दारातून बघत होतीस. एका रविवारी उठून बघते तर दोन्ही खुर्च्या खिडकीच्या कोपऱ्यात, काटकोनात, एकमेकींना गुडघे लागतील इतक्या जवळ. टीव्हीकडे कुणाचंच तोंड नाही. बाबांनी खुर्ची वळवायला हात घातला तर मागे दिवाण आणलेला, खुर्ची वळेचना. तू टीपॉयवर परात ठेवलीस, मोड आलेले वाल, कोमट पाण्यात टाकलेले, आणि म्हणालीस, माझा हात भाजलाय, दोघांनी मिळून सोलून द्या, नाहीतर आज उसळ नाही. हात भाजला होता की नाही देव जाणे, पट्टी मात्र व्यवस्थित बांधली होतीस.

काटकोनात बसलं की गंमत असते आई, मला त्या दिवशी कळलं. समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही आणि तो नजरेआडही होत नाही. मला बाबांचे हात दिसत होते. ग्रीसनं काळी झालेली नखं, आणि त्या नखांनी एवढासा वाल चिमटीत धरायची धडपड. वाल निसटायचे. एक त्यांच्या चहाच्या कपात पडला, त्यांनी तो बोटानं काढला आणि चहा पिऊन टाकला. परात अर्धी झाली. मग त्यांनी मान वर न करता म्हटलं, "त्या खुर्चीवर ऊन येतंय तुला. तू इकडे माझ्या जागेवर बस."

त्या खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत होती. तिथून ऊन आत आलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी उठले, बाबा उठले, मी त्यांच्या खुर्चीवर बसले आणि ते माझ्या. वेत गरम लागत होता. मी म्हटलं, हो बाबा, चटका बसतच होता. पुढे त्यांनी विचारलं, परीक्षेचं काय झालं तुझ्या, आणि मी सांगत सुटले. आत नळ वाहत होता तो तू बंद केलास, बाहेर मात्र आली नाहीस. त्या दिवशी उसळीत मीठ नव्हतं. आम्ही दोघांनीही पाहिजे तितकी वाढून घेतली.

पुढचं स्थळ आलं तेव्हा बाबांनी स्वतःच ते स्टूल आधी शेजारी नेऊन दिलं आणि तुला म्हणाले, लाव तुझ्या पद्धतीनं. तू सगळ्या खुर्च्या गोल मांडल्यास. कोण मुलीकडचं आणि कोण मुलाकडचं, तेच कळेना. तुझे जावई सांगतात, ते माझ्याशी आधी बोललेच नाहीत, बाबांशी तासभर लेथ मशीनवर बोलत बसले, कारण तू त्यांना तिथं बसवलं होतंस.

तू गेलीस तेव्हा लोकांनी सामान बाहेर काढलं, गॅलरीत आणि शेजाऱ्यांकडे, आणि हॉलभर सतरंज्या अंथरल्या. तेरावा झाल्यावर शेजारच्यांनी सगळं परत आणलं आणि खोलीच्या मधोमध ठेवून विचारलं, काका, कुठे लावायचं? बाबांना सांगता येईना. आम्ही लावतो म्हणून मी त्यांना परत पाठवलं. मग आम्ही दोघंच. बाबांनी आधी त्या दोन खुर्च्या खिडकीशी नेल्या, काटकोनात, आणि जरा मागेपुढे करून बघितल्या. मग टीपॉय, शोकेस, सोफा. दिवाण ओढायला गोधडी मिळाली नाही, चरा पडला. सगळं लागलं आणि ते मध्ये उभे राहून बघत राहिले. मला विचारलं, तुझी आई कुठे बसायची गं?

मी लगेच सांगितलं, दिवाणाच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या बाजूच्या. त्यांनी मान डोलावली. "हो, तिथंच." चेहरा थोडा निवळला त्यांचा. तेव्हापासून ते होते तोपर्यंत दिवाणाच्या त्या टोकाला त्यांनी कुणाला बसू दिलं नाही. साधा पेपर ठेवायचे नाहीत. रोज सकाळी तिथली चादर हातानं सारखी करायचे. एकदा तुझे जावई चुकून बसले तर म्हणाले, जावईबापू, इकडे ऐसपैस बसा, ती हिची जागा आहे. आणि मी शनिवारी गेले की कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर बसून आम्ही बोलायचो, अगदी पोटभर, आणि मधेच ते त्या टोकाकडे बघून तुला साक्षीला घ्यायचे. काय गं, खरं की नाही, असं म्हणायचे.

मी ते ठोकून दिलं होतं, आई. त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून पहिलं सुचलं ते बोलले. आम्हाला तू कुठे कुठे बसवलंस ते सगळं मला खुर्चीनिशी आठवतं. तू दारात उभी आठवतेस, ओट्यापाशी आठवतेस, दिवाण ओढताना आठवतेस. बसलेली काही केल्या आठवत नाहीस.