चावऱ्या बुटांचा दवाखाना

३ फेब्रुवारी

आज पुन्हा तेच! एक बाई आल्या, अर्धं कपाट खाली काढायला लावलं, आरशासमोर फेऱ्या मारल्या, टाच दाबून पाहिली — आणि तोच बूट माझ्यासमोर मोबाइलवर मागवला. शिवाय जाताना म्हणाल्या, "थँक्यू हं!" डोंबलाचं थँक्यू!

मालक गल्ल्यावरून सगळं पाहत होते. दुपारी म्हणाले, "हे दुकान आता फार दिवस काढत नाही. तू आपलं दुसरीकडे बघ." इतकी वर्षं लोकांच्या पायाशी बसून बूट चढवले, आणि आता बघ दुसरीकडे! अंगाचा नुसता तिळपापड. मी खोकी रचत बसले.

५ फेब्रुवारी

नव्या मॉलमधून फोन! चपला-बुटांच्या अख्ख्या मजल्याला मॅनेजर हवी म्हणे. गणवेश, थंडगार हवा, बसायला खुर्ची. तिथल्या मॅडम म्हणाल्या, महिनाअखेरीपर्यंत कळवा.

नवरा म्हणाला, "यात विचार कसला करायचा?" खरंच, कसला? मालकांनीच तर हाकललंय. तरी त्यांना सांगायला तोंड उघडेना.

९ फेब्रुवारी

एक शिक्षिका लंगडत आत आली. घ्यायला नाही, नुसती टेकायला. बूट ऑनलाइन घेतलेला, परत करायची मुदत गेलेली, करंगळी सोलून निघालेली. मला कुठली बुद्धी झाली कोण जाणे, म्हटलं, "ठेवून जा आजच्या दिवस." माळ्यावर मालकांच्या वडिलांचं कलबूत धूळ खात पडलं होतं — बूट ताणायचं लाकडी पाऊल. करंगळीच्या जागी त्याला गोटी बसवता येते. बूट त्यावर चढवला आणि स्क्रू पिळला.

१० फेब्रुवारी

शिक्षिका दारापर्यंत चालत गेली, परत आली, पुन्हा गेली. चेहरा असा खुलला! जाताना नवऱ्यासाठी चपलाही घेतल्या.

तेव्हापासून एकच डोक्यात. लोक बूट बाहेरून घेणार. घेऊ देत की! पाय तर इथंच आहेत ना?

११ फेब्रुवारी

दारात फळा लावला — कुठूनही घेतलेला बूट चावतोय? आत या!

मालक भडकले. "दुसऱ्यांनी विकायचं आणि उस्तवार आपण करायची?"

"बूट दुसऱ्याचा असेल, मालक. गिऱ्हाईक आपलं."

पुटपुटत राहिले. फळा मात्र काढला नाही.

१४ फेब्रुवारी

नाक कापलं गेलं आज. एका गृहस्थांचा चकचकीत बूट कलबुतावर चढवला आणि वरचा थर तडकला. काय ओरडले ते! भर दुकानात. मालक उठले, आपल्या कपाटातला त्यांच्या मापाचा नवा जोड काढला आणि त्यांच्या हातात दिला.

मला वाटलं, संपलं सगळं, आता फळा उतरणार. तर म्हणतात, "चकचकीत बूट आधी उबेला ठेवायचा असतो. मी सांगायला हवं होतं."

माझी चूक सरळ स्वतःच्या अंगावर घेतली या माणसानं!

२० फेब्रुवारी

जेवायला फुरसत नाही. लोक बूट काढून अनवाणी थांबतात, आणि अनवाणी माणूस किती वेळ कपाटाकडे न बघता राहील? मी दोन्ही पावलांची मापं घेऊन कागदावर लिहून देते. बहुतेकांचा एक पाय मोठा निघतो, आणि बहुतेकांना ते मान्य नसतं! "बाहेरून मागवताना हा कागद समोर ठेवा" म्हटलं, की निम्मे तरी म्हणतात, "जाऊ दे, तुम्हीच द्या."

दुकानाला नाव पडलंय — चावऱ्या बुटांचा दवाखाना. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमची सून डॉक्टर झाली हो, बुटांची!" चेष्टाच होती. पण खालच्या मजल्यावर जाऊनही सांगून आल्या!

फुशारकी म्हणा हवं तर. मी आहेच हुशार.

२४ फेब्रुवारी

मॅडमचा पुन्हा फोन. असा दवाखाना मॉलमध्ये काढा, पगार वाढवून देऊ. रात्रभर तळमळले. तिथे मजला मोठा, पण उद्या त्यांना नको झालं की माझा फळा खाली. इथेही मी नोकरच.

२५ फेब्रुवारी

मालकांना सगळं सांगितलं, मॉलचंही. म्हटलं, "मी राहते. पण पगारावर नाही. भागीदार म्हणून."

मालकांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. म्हणाले, "पाटी नव्यानं रंगवावी लागेल. आधी मॉल नीट बघून ये, मग बोल."

हे हो की नाही? नवरा म्हणतो, "तुझं ठरलंय. तोंडावर दिसतंय."

२७ फेब्रुवारी

मॉलमध्ये जाऊन मॅडमना येणार नाही असं तोंडावर सांगितलं. त्या हसल्या. "मग तुमच्या मालकांना तुम्हीच समजवा. ते स्वतः येऊन तुमचं नाव देऊन गेले होते. म्हणाले, माझं दुकान बंद पडायच्या आत हिची सोय झाली पाहिजे."

परत आले. मालक कलबूत पुसत होते. "कुठे होतीस?"

"दुसरीकडे बघायला गेले होते. बघितलं. आता रंगाऱ्याला बोलवा."