चार्ज घेतला

९ मार्च
निमोण्याला पोहोचलो. न्हावऱ्याहून जीप मिळाली. करुणा पुढे, मी बॅगांसोबत मागे. निवृत्तीनंतरचा पहिलाच मोठा प्रवास संपला. सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी, मग मुलीकडे भोपाळला मुक्काम. दिवाळीआधी लावलेलं कुलूप सहज उघडलं. घरात धूळ नाही. जास्वंद टवटवीत. शेजारच्या पार्वतीबाईंनी पाणी घातलं असणार. करुणाने मूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि चहा टाकला. स्वतःच्या कपातला चहा. बरं वाटलं.

१० मार्च
पार्वतीबाईंनी पाणी घातलेलं नाही. "तुम्हीच तर घालत हुता की, नागसेनभाऊ! बायकूला एकलीला धाडलं फिराया, व्हय?" करुणा खूप हसली. समोरच्या म्हस्कूआप्पांनी भर घातली: रोज ओट्यावर दिसायचास, पण कधी चहा विचारला नाहीस, रिटायर झाल्यावर माणूस चिकट होतो. घराबाहेर का पडत नाहीस असं विचारलं, की म्हणे मी एकच सांगायचो. रिलीव्हर आला की सुटलो.

कुरकुंभच्या केमिकल कंपनीत माझी सगळी नोकरी शिफ्टमध्ये झाली. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय प्लँट सोडायचा नाही. जाणारा म्हणतो, चार्ज दिला. येणारा म्हणतो, घेतला. तेव्हा जाणारा मोकळा.

आप्पांची थट्टा असेल. पण हे मी गावात कधी बोललेलो नाही.

११ मार्च
सकाळी अंघोळ करत होतो. डोळ्यांत साबण. दाराबाहेरून थकलेला आवाज आला: चार्ज दिला. मी म्हणालो, घेतला. सवयीने तोंडातून गेलंच. बाहेर कुणी नव्हतं. करुणा म्हणाली, तिला फक्त माझाच आवाज आला. दोनदा.

१२ मार्च
दुधाला निघालो. फाटकाबाहेर पाय टाकला आणि ओट्यावर होतो. पुन्हा गेलो. पुन्हा ओटा. म्हस्कूआप्पा रस्त्याने गेले. हाका मारल्या. त्यांनी वळून पाहिलं नाही.

करुणाला सांगायला आत गेलो. ती बोलत होती, "अहो, गूळ संपलाय." टेबलाशी मी बसलो होतो. माझ्या शर्टात.

१३ मार्च
तो फारसा बोलत नाही. मान हलवतो. ती त्याला वाढते. मी तिचा खांदा धरला — तिने पदर सारखा केला, म्हणाली वारा सुटलाय.

दोघं घरात असलो की एकच दिसतो, वाटतं. तो मात्र मला पाहू शकतो. एकदाच पाहिलं. राग नाही. शिफ्ट सुटलेल्या माणसाचा चेहरा.

१४ मार्च
तो बॅगा भरतोय. पुन्हा जाऊ म्हणतो. कुठे, ते सांगत नाही. करुणाला जायचं नाही — आत्ताच तर आलो, म्हणाली. तरी साड्या घड्या करतेय. भिंतीवर कोळशाने लिहिलं, जाऊ नकोस. ती न बघता त्यावरच हात टेकून पुढे गेली.

दुपार
ओट्यावरून लिहितोय. जीप फाटकाशी. दोघं बसले. ती त्याला विचारतेय — कुशीनगरला पाय मुरगळला तेव्हा तेल चोळणाऱ्या बाई, नाव काय हो त्यांचं —

तो नुसती मान हलवतो.

पुन्हा विचारलं. पुन्हा मान. तो तिथे नव्हताच —

ती त्याच्याकडे बघतेय. हात काढून घेतला. घराकडे वळली. थेट माझ्याकडे — नागसेन म्हणाली — आयुष्यात कधी नावाने —

उतर, करुणा, उतर — जीप सुटली — तिने दार उघडलं — तो तिचा हात धरून आत