ऑर्गन, डाउवे आणि एमेनचा बेर्टुस

सोमवार, ४ मार्च, संध्याकाळी ७

आज ऑर्गन साइटवर विकायला टाकला. आठवड्याभरात जाईल. फार तर दहा दिवस.

कारण नोंदवून ठेवतो. १४ एप्रिलला बायकोचा, चित्स्केचा, साठावा वाढदिवस. भेट काय हवी विचारलं, तर म्हणाली, काही नको, वाढदिवसाला पाहुण्यांसाठी मांडतो तो खुर्च्यांचा गोल एकदा तरी पुरा होऊ दे. गोलात ऑर्गन येतो. त्यामुळे तिची बहीण आउक्ये गेली अकरा वर्षं ऑर्गनच्या मागे बसते. केकची बशी तिला वरून द्यावी लागते आणि गप्पांत तिचे फक्त केस दिसतात.

पुढे चित्स्के म्हणाली, तुला जमत नसेल तर डाउवेला सांगते, तो दहा मिनिटांत विकेल.

डाउवे म्हणजे शेजारचा. मी म्हणालो, डाउवेची काही गरज नाही. जरा मोठ्याने म्हणालो असेन.

जाहिरात तीन पानी झाली. आईने ऑर्गन कधी घेतला, कुठे घेतला, त्या दिवशी हवा कशी होती, सगळं आलं. कालवे खात्यात मी एकतीस वर्षं अहवाल लिहिले. एकही अहवाल दुरुस्तीला परत आला नाही. शेवटी लिहिलं : नेण्यासाठी ट्रॉलीची सोय विक्रेत्याकडे आहे. (डाउवेची. गाडीला जोडून मी नेहमीच नेतो.)

बुधवार, ६ मार्च

पहिला मेसेज! अजून आहे का?

चार मिनिटांत उत्तर दिलं : आहे. मग काहीच नाही. बहुधा पैशांची जमवाजमव चालू असेल.

दुपारी दुसरा. अजून आहे का? आहे. मग शांतता. तिसरा, तसाच. ऑर्गन जिवंत आहे एवढं कळलं की या लोकांचं समाधान होतं वाटतं.

डाउवेने आज चाक नसलेली ढकलगाडी विकली. चाक नसलेली! माणूस लेवार्डनहून आला होता आणि जाताना त्याने डाउवेचा हात दोन्ही हातांनी धरला. चित्स्के खिडकीशी होती. म्हणाली, बघ, गेली सुद्धा.

मला हेवा वाटत नाही. नोंद म्हणून लिहितो.

शनिवार, ९ मार्च

एका गृहस्थाचे चौदा प्रश्न. उंची, खोली, वजन, बाकासकट, बाकाशिवाय, घरात कोणी सिगारेट ओढायचं का. पायाखालच्या पट्ट्या मोजायला जमिनीवर आडवा झालो. तेरा आहेत. उठताना पाठीत चमक भरली, तेवढ्यात चित्स्के आली आणि विचारलं, ऑर्गन विकतोयस की त्याच्याखाली राहायला जातोयस?

चौदाही उत्तरं पाठवली, आकृतीसह. गृहस्थांचं उत्तर आलं : आभार, आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, सहज विचारलं.

ठराव : यापुढे सहज विचारणाऱ्यांना उत्तर द्यायचं नाही.

मंगळवार, १२ मार्च

संडासातल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर सप्टेंबरात डाउवेचं नाव आहे. चित्स्केच्या अक्षरात. शेजारी छोटं फूल काढलंय. माझं नाव जूनमध्ये. फूल नाही. नुसतं विब्रेन, आणि तेसुद्धा दंतवैद्याच्या तारखेखाली दाबून लिहिलंय.

चौदा वर्षं हेच कॅलेंडर समोर आहे. फूल आजच दिसलं.

एक ऑफर आली. साडेसात युरो. दुसरी : पाच कोंबड्या, पैकी चार अंड्यावर. चित्स्के म्हणाली, कोंबड्या निदान गोलाबाहेर बसतील.

शनिवार, १६ मार्च

प्रत्यक्ष गिऱ्हाईक! स्नेक गावचं जोडपं, दोघं सत्तरीचे. कॉफी आणि प्रत्येकी एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. गृहस्थ वाजवायला बसले. आधी स्तोत्रं, मग बॉसानोव्हा या नाचाच्या तालाचं बटण दाबून पुन्हा तीच स्तोत्रं. सव्वा तास. बाईंनी डब्याकडे इतक्या वेळा पाहिलं की दुसरं बिस्किट द्यावं लागलं.

शेवटी गृहस्थ डोळे पुसत उठले. म्हणाले, फार बरं वाटलं हो, आता पक्कं कळलं की आम्हाला ऑर्गन नकोच आहे.

दार लावून वळतो तर समोर डाउवेच्या फाटकात दोन गाड्या. दोन!

बुधवार, २० मार्च

हेंगेलोचे एक गृहस्थ दहाला येणार होते. पक्कं ठरलं होतं. स्वच्छ शर्ट घातला, ऑर्गन पुसला. चित्स्के बाजारात निघाली होती, डाउवे म्हणाला, चल, मीही तिकडेच जातोय, गाडीत बस. मी गिऱ्हाइकासाठी घरी. साडेदहा. अकरा. बारा. फोन बंद.

साडेबाराला दोघं परत आली. गाडीतून उतरताना चित्स्के एवढी हसत होती की पिशवीतली लीकच्या भाजीची जुडी खाली पडली. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही रे, डाउवेची एक गंमत. मी म्हणालो, सांग की. तर म्हणाली, तिथेच असायला हवं होतं.

असलो असतो, हेंगेलोच्या माणसाने दगा दिला नसता तर.

रविवार, २४ मार्च

विचार केला. डाउवेचं फावतं ते त्याला त्रास देणारी गिऱ्हाइकं भेटतच नाहीत म्हणून. यात त्याची हुशारी काही नाही. एक प्रयोग करायचा. केवळ अभ्यास म्हणून.

साइटवर नवं खातं उघडलं. नाव बेर्टुस, गाव एमेन. एमेन पुरेसं लांब आहे. बेर्टुसचे मेसेज चुकू नयेत म्हणून वेगळा आवाज लावला, बदकाचा. दारापुढेच कालवा आहे, कोणाला संशय येणार नाही.

डाउवेने बागेतला बाक विकायला काढलाय, त्या जाहिरातीखाली लिहिलं : अजून आहे का?

एका मिनिटात क्वॅक. आहे ना, बेर्टुस! कधी येतोस?

उत्तर दिलं नाही. फार बरं वाटलं.

गुरुवार, २८ मार्च

बेर्टुसने बाकाची मापं मागितली. डाउवेने टेप लावून फोटो पाठवले. वजन विचारलं, तर बाक घरातल्या काट्यावर उभा केल्याचा फोटो. कुत्र्याच्या वासाबद्दल विचारलं, तर म्हणाला, वास घेतला, लाकडाचाच येतो. वर, एमेनला पाऊस आहे का?

हा माणूस चिडत कसा नाही!

मग बेर्टुसने सहज विचारलं, शेजार कसा आहे? डाउवेने लिहिलं : उत्तम. डावीकडे विब्रेन आहे, कालवे खात्यातला. भला माणूस, पण जाहिरातीत इतकं लिहितो की वाचेपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं होतं. त्याची बायको मात्र सोनं आहे.

सोनं! बाक दुसऱ्याला गेला, याचं मला काहीच वाटलं नाही. सोनं हा शब्द मात्र डोक्यातून जात नाही.

चित्स्के हल्ली खिडकीतून पाव टाकते. म्हणते, या वर्षी बदकं फार जवळ आलीत.

बुधवार, ३ एप्रिल

डाउवेने ट्रॉली विकायला काढली. बेर्टुसने ताबडतोब लिहिलं : मी घेतो. शनिवारी १३ तारखेला सकाळी दहाला येतो. दुसऱ्या कोणाला देऊ नका.

डाउवे : शब्द दिला. अजून दोघं मागतायत, पण तू पहिला.

वा! सबंध शनिवार सकाळ बसेल वाट पाहत, स्वच्छ शर्ट घालून. मग कळेल हेंगेलो म्हणजे काय ते.

आज मी दोनदा शीळ घातली. चित्स्केने विचारलं, ऑर्गन गेला का? म्हणालो, त्याच मार्गावर आहे.

मंगळवार, ९ एप्रिल

झालं!!! लेमरचा खलाशी-गीतांचा पुरुष गट. फोनवर त्यांचे प्रमुख बोलले, घासाघीस नाही, एक प्रश्नसुद्धा नाही. चार जण शनिवारी येतील. त्यांच्या गाड्या लहान आहेत, पण जाहिरातीत ट्रॉलीची सोय लिहिली आहे तेव्हा प्रश्नच नाही, असं म्हणाले. माणसाने पुरी जाहिरात वाचली! म्हणालो, या दहाला, ट्रॉली दारात असेल.

चित्स्केने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि माझ्या गालाची पापी घेतली. म्हणाली, आउक्येला कळवते, या वर्षी तू समोर बसणार म्हणून. लगेच फोन केला. बहीण रडली म्हणे.

डाउवेचं नाव सबंध दिवसात निघालं नाही.

शुक्रवार, १२ एप्रिल, दुपारी ४

ट्रॉली मागायला डाउवेकडे गेलो. म्हणाला, अरे विब्रेन, एरवी लगेच दिली असती, पण उद्या दहाला एमेनचा बेर्टुस न्यायला येतोय. शब्द दिलाय त्याला.

मी म्हणालो, येणार नाही तो. डाउवे म्हणाला, तू ओळखतोस? मी म्हणालो, नाही, एमेनचे लोक येत नाहीत. डाउवे म्हणाला, हा वेगळा आहे, बारीकसारीक विचारतो, मला आवडतो असा माणूस.

घरी आलो. हे गणित माझ्या लक्षात यायला हवं होतं, असं कोणी म्हणू शकेल. पण दहा दिवसांत माणसाने किती गोष्टी लक्षात ठेवायच्या?

उपाय सोपा आहे. बेर्टुस उद्या सकाळी माघार घेईल. आज घेतली तर संशय येईल. मग मी जाऊन ट्रॉली आणेन.

शनिवार, १३ एप्रिल

९.०५. बेर्टुसने लिहिलं : माफ करा, येऊ शकत नाही, आई जिन्यावरून पडली.

९.०६. क्वॅक. अरेरे! ट्रॉलीचं मनावर घेऊ नकोस, आईला जप.

९.२०. लगेच गेलो तर संशय येईल म्हणून पंधरा मिनिटं थांबलो. डाउवेच्या दारात पोचलो. यादीतला दुसरा माणूस ट्रॉली गाडीला जोडत होता. तो पुढच्याच गल्लीत राहतो. डाउवे म्हणाला, बघ ना, बेर्टुसने कळवलं आणि मी याला फोन केला, दहा मिनिटांत हजर.

दहा मिनिटांत.

१०.००. लेमरचे चौघं आले, गळ्यात निळे रुमाल. ऑर्गन छोट्या गाडीच्या डिकीत घालून पाहिला. मावला नाही. दुसऱ्या गाडीत घालून पाहिला. त्याला चाकं असती तर गाडीला बांधून नेला असता, असं एक जण म्हणाला. चौघं हसले. मी हसलो नाही.

१०.४०. ऑर्गन परत जागेवर. प्रमुख म्हणाले, बोल्सवर्डला आणखी एक आहे, ते घरपोच देतात. जाताना डाउवेशी बोलत उभे राहिले आणि त्याची बागेतली मोठी छत्री विकत घेऊन गेले. ती डिकीत मावली.

चित्स्के आउक्येला फोन करायला माडीवर गेली आणि दार लावून घेतलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

रविवार, १४ एप्रिल, संध्याकाळी

वाढदिवस पार पडला. क्रमाने लिहितो.

आउक्येला समोर बसवायचा शब्द दिला होता, म्हणून ऑर्गनच्या मागे मी बसलो. तिथून काही दिसत नाही. ऐकू मात्र सगळं येतं. रीतीप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं, माझंही केलं, वरून हात घालून. केक वरून आला.

डाउवे आला. चित्स्केसाठी पिवळी ट्यूलिप आणली. तिने ती फुलदाणीत घालून ऑर्गनवर ठेवली. देठ माझ्या बाजूला.

मग कोणीतरी विचारलं, ऑर्गन का गेला नाही? डाउवे म्हणाला, माझ्याकडे एक माणूस आहे. एमेनचा बेर्टुस. काल बिचाऱ्याची आई पडली म्हणून आला नाही, पण असा चौकस माणूस मी पाहिला नाही. कुत्र्याच्या वासाबद्दल विचारलं त्याने! विब्रेनची तीन पानं वाचणारा कोणी असेल तर तोच. थांबा, आत्ताच विचारतो.

फोन स्वयंपाकघरात ठेवला असता तर काही बिघडलं नसतं.

क्वॅक.

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं असावं, कारण कोणीतरी म्हणालं, बदकं दिसत नाहीत. डाउवे म्हणाला, हो, आईचं विचारायचं राहिलं. पुन्हा लिहिलं.

क्वॅक.

तेव्हा आउक्ये बोलली. या खोलीत तिला इतकं शांतपणे बोलताना मी कधी ऐकलं नाही. म्हणाली, आवाज ऑर्गनच्या मागून आला, अकरा वर्षं बसलेय मी तिथे, मला कळतं.

मग खुर्ची सरकली आणि ट्यूलिपच्या देठांवरून डाउवेचं तोंड दिसलं. चिडलेलं नव्हतं. ते निदान चिडलेलं असायला हवं होतं. त्याने हळूच विचारलं, आई कशी आहे आता?

आईला जाऊन नऊ वर्षं झाली. डाउवे तेव्हा खांदा द्यायला होता.

मी म्हणालो, बरी आहे.

चित्स्केने सगळ्यांना दुसरी कॉफी दिली. माझ्याकडे वरून कप आला नाही.

पाहुणे सहाला गेले. मी मागेच बसून राहिलो. खरं लिहायचं तर मला डाउवेचा हेवा वाटतो. चाक नसलेल्या ढकलगाडीपासून वाटतो. कदाचित त्याच्याही आधीपासून. तिने एकच गोष्ट मागितली होती, ती पैशांची नव्हती, आणि मी ती स्वतःच्या हाताने घालवली. हे खोडून टाकणार होतो. राहू देतो.

ठराव : उद्या जाहिरात लहान करायची.

चित्स्के खुर्च्या आवरत होती. मग ती ऑर्गनजवळ येऊन थांबली आणि म्हणाली, बेर्टुस, तेवढ्या खुर्च्या वर नेऊन ठेव.

नेऊन ठेवल्या.