माझे मेडिकल हुकलेले नाही, याची नोंद होणेबाबत

दिनांक : ९ ऑक्टोबर २०२४

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत सावळेखिंड,
ता. वाळवा, जि. सांगली.

विषय : गुणवंतांच्या सत्कारात झालेली चुकीची घोषणा दुरुस्त करून मला दोन मिनिटे माइक मिळणेबाबत.

संदर्भ : दिनांक २ ऑक्टोबरची ग्रामसभा.

अर्जदार : ब्राह्मी जयपाल पाटील, वय १८.

महोदय,

सविनय सादर करते की,

१) सदर सभेत माझा व शेजारचा यशराज याचा सत्कार झाला. सरपंच मा. लालासाहेब यांनी माइकवरून सांगितले, "यशराज डॉक्टर होणार. ब्राह्मीचं थोडक्यात हुकलं, पण दाताचं तरी मिळालं. नाराज व्हायचं न्हाई, पोरी." मी बोलण्यास उठले, तोच राष्ट्रगीत सुरू झाले.

२) दुसऱ्या दिवसापासून लोक आमच्या घरी सांत्वनास येऊ लागले. गल्लीतल्या हरणाबाई माझ्या आईचा हात धरून अर्धा तास बसल्या आणि जाताना म्हणाल्या, "त्रिशला, लेकीकडं ध्यान ठेव गं." वास्तविक त्या वेळी मी आत पोहे खात होते.

३) मेडिकलची चुरस मोठी आहे, हे मला मान्य आहे. परंतु परीक्षा दोघांची एकच होती. मला ६२४ गुण, यशराजला ५९१. त्याला खासगी मेडिकल मिळाले, मला सरकारी डेंटल. सरकारी डेंटलच्या जागा मोजक्याच असतात. हे यशराजलाही मान्य असून त्याने या अर्जाखाली सही केली आहे.

४) शनिवारी सरपंचांची दाढ सुजली. ते प्रथम यशराजकडे गेले. तो म्हणाला, "काका, दात ब्राह्मीकडं." ते आमच्या मागच्या दाराने आले. मी म्हणाले, "आवं काका, माझं कॉलेज सुरू व्हायचंय अजून. आणि डॉक्टर तर यशराज हाय." गाल धरून ते पुन्हा तिकडे गेले. तिसऱ्या फेरीस मला त्यांची दया आली व मी त्यांना स्कूटीवरून मलकापूरला दातांच्या बाईंकडे नेले. दाढ वाचली. तोंडातला कापूस काढताच सरपंचांनी बाहेर बसलेल्या सर्व पेशंटांना माझी ओळख करून दिली, "लय गुणाची पोर. हिचं मेडिकल हुकलंय."

५) महोदय, आठवीत सायकलवरून पडून माझा पुढचा दात तुटला होता. वर्षभर मी तोंडावर हात धरून बोलत असे आणि वर्गात उत्तर येत असूनही उठत नसे. याच बाईंनी तो दात नीट केला. परत येताना एसटीत मी इतकी बडबडले, की कंडक्टर म्हणाले, "बाळ, जरा दम घे." मी काय व्हायचे, ते त्या दिवशी ठरले.

६) यशराजच्या कॉलेजात मलाही जागा मिळत होती. मी पसंतीक्रमात डेंटल वर लिहिले. हे आजवर कोणीही विचारले नाही, म्हणून लेखी कळवत आहे.

तरी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मला माइक द्यावा. राष्ट्रगीत माझे बोलणे झाल्यावर घ्यावे. मी पूर्ण वेळ उभीच राहीन.

आपल्या गावची, तक्रार असूनही नम्र,
ब्राह्मी जयपाल पाटील

वरील मजकूर खरा आहे : यशराज (सही)

सोबत : १) दोघांच्या गुणपत्रिका २) माझा पसंतीक्रम