पेन उचललं तरी चालू राहणारी रेघ

अकोला,
६ ऑक्टोबर २०२५, कोजागिरी

चि. ललितले आजीचे भरपूर आशीर्वाद.

बाबू, तू विसरभोळा आहे हे मले तू रांगत होता तेव्हापासून माहीत आहे. पण माणसानं विसरावं तरी किती? मागच्या दिवाळीत रुसून अमरावतीले गेला तर मफलर विसरला, डब्यात भरलेले अनारसे विसरला, अन् आपली ती जड पाटीबी विसरला. आजीले विसरला ते मी धरत नाही, मी काही चार्जरवर चालत नाही. पाटी मात्र विसरला का मुद्दाम ठेवून गेला, ते तुह्यं तुले ठाऊक.

पत्र प्रणाली लिहून राहिली आहे. तुह्या बहिणीले बजावलं, का मी बोलीन तसंच लिव, शुद्ध करू नको. (दादा, मी थोडं शुद्ध करतेय. – प्रणाली) काय लिवलं गं मधात? मले अक्षर येत नाही, पण माह्या बोलण्यापेक्षा पेन जास्त चाललं का मले समजते.

घरी सगळं बरं आहे. शेजारच्या रागिणीचं जुळलं, पोरगा अंजनगाव सुर्जीचा आहे, कान मोठे आहेत पण ऐकणारा दिसते. मांजरीनं कोठीमागं पिल्लं दिली. घर शांत आहे. पोळ्यापासून घरात कोणी ओरडलं नाही.

तुह्या त्या पाटीचा मले पहिल्या दिवसापासून अचंबा. भंगारातून आणली तेव्हा तिच्यात जीवच नव्हता. तू सांगितलं होतं, का हे तुह्या जन्माच्या आधीचं कंप्युटर आहे, कोण्या औषध कंपनीचे लोक पोटाशी धरून उभ्या उभ्या यावर लिहीत. तिच्यातली जुनी सिस्टिम कंपनीचा नंबर मागे अन् नंबर दिल्याबिगर पुढं जाऊच देत नसे. मग तू तिचं पोट उघडलं, खडखड करणारी डिस्क काढली, तिच्या जागी कॅमेऱ्यातलं बिस्किटाएवढं कार्ड बसवलं अन् त्यात ते लिनक्स भरलं. "आजी, आंग तेच, जीव दुसरा," तू म्हणे. बटन दाबलं का चहा उकळेपर्यंत थांबाचं, मग कोरं पान उघडते. ना नाव विचारते, ना नंबर. मले ते तिथंच आवडलं. मी आजवर जिथं गेली तिथं सही मागणारेच भेटले.

अन् ते पेन! त्यात शाई नाही, सेल नाही. काचेले लागाच्या आधीच, बोटभर वरून फिरवलं तरी खाली टिपका येऊन उभा राहते, गाईच्या वासानं वासरू यावं तसा. मी कितीदा नुसतं वरून फिरवून पाहिलं असंन! मरायच्या आधी हे पाहाले भेटलं म्हणून देवाले सांगून आली होती.

तुह्या बापाले मात्र ते दिसलं नाही. "इंजिनेरिंग शिकवलं, अन् पोरगं भंगार गोळा करून राहिलं." तो हे बोलला, तू ताट सरकवलं, पुढचं सांगाची गरज नाही.

आता ऐक, अन् उभा असशील तर बस.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी किशोरले, तुह्या बापाले, लकवा मारला. उजवं आंग गेलं अन् वाचा गेली. जिवाले धोका नाही, डॉक्टर म्हणते. हातपाय हळूहळू येतील, बोलण्याचं सांगता येत नाही. बाजारात तुरीच्या बोलीचा हर्रास पुकारणारा माणूस, त्याचा आवाज फाटकाबाहेरच्या बैलांले ऐकू जाये, तो पाण्यासाठी वाटी वाजवाले लागला. प्रणालीनं मोबाइल दिला. पण डावं बोट थरथरे, तळवा काचेले लागे, अन् भलतंच उघडे. एकदा परतवाड्याच्या तुह्या मामाले फोन लागला. मामा तिकून "बोला भाऊजी, बोला" करे, अन् इकडे भाऊजी रडे.

तेव्हा मले कोठीतली पाटी आठवली.

किशोरनं तिच्यावर अख्खा तळवा टेकवला, तर पाटी हूं नाही का चूं नाही. ती फक्त पेनाचं ऐकते, हाताचं ऐकतच नाही. त्यानं डाव्या हातानं एक वाकडी रेघ काढली, मग दुसरी काढली. प्रणाली वाचून हसली अन् रडलीबी. लिवलं होतं, "चहात साखर टाका." बाप्पा बाप्पा! इतक्या दिवसाचा मुका माणूस काचेवर बोलून राहिला होता. देवळात माह्ये हात असे कधी जुळले नाही, जसे त्या भंगारापुढं जुळले.

मग त्यानं लिवलं, "हे त्यानं बनवलं?" प्रणालीनं मान हलवली. किशोरनं पाटीच्या कडेवरून अंगठा फिरवला, तू तापात असताना तुह्या कपाळावरून फिरवे तसा. अन् लगेच लिवलं, "ललितले फोन कराचा नाही." लाज का रुसवा, ते लिवलं नाही. आम्ही फोन केला नाही. पत्राचं तो काही बोलला नव्हता.

आता माह्यी करामत ऐक. दसऱ्याले विळा मांडला, शिलाई मशीन मांडली, तशी पाटीबी मांडली. घराची वाचा तिच्यात, तिले कशी सोडू? हळद-कुंकू वाहिलं, अन् पेनाचं टोक ओल्या कुंकवात चांगलं बुडवलं. प्रणाली आंघोळीले गेली होती, नाहीतर तिनं माह्या हात धरला असता. तेव्हापासून ते टोक आत दबून बसलं आहे. पेन टेकवलं का रेघ, उचललं तरी रेघ चालूच. अक्षरातून अक्षर, ओळीतून ओळ, पेळूतून सूत निघावं तशी थांबतच नाही. प्रणालीले एक शब्द लागत नाही. टोक ओढाले ती भेते. तुटलं तर असं पेन आता कोण देते?

किशोरनं तो गुंता पाहिला, पेन खाली ठेवलं अन् भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून पाटीले हात लावला नाही. माह्यावर रागावलाबी नाही. रागावला असता तर बरं होतं.

तू पाटीत जीव घातला, तर पेनाचं टोक तुले जड नाही. बापाले दुरुस्त कर, असं मी म्हणत नाही. ते डॉक्टर पाहतील. तू पेन पाह्य.

किशोरची माय, म्हणूनच तुह्यी आजी,
माणिकबाई

ता.क. दसऱ्याच्या सकाळी, कुंकवाच्या आधी, त्यानं सुटं सुटं लिवलेलं शेवटचं म्हणजे "गिला वडा". त्याले आता मऊच गिळता येते. तू पहिल्या पगाराचा अमरावतीहून आणला होता ना, दह्यात बुडवलेला, "दही आंबट आहे" म्हणत माह्या वाट्याचाबी त्यानंच खाल्ला होता, तसाच पाठव. चांगला भिजलेला, तिखट कमी. अन् एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ देऊ नको, दही सांडते. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत डबा मांडीवर धरून बसंन असं कोणी घरचं माणूस पाह्य, अन् त्याच्या हातूनच पाठव.